डबल बेल

पौलोसने पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमच्याने एकदा टण् केलं आणि अप्पुण्णीचं रेझर हवेत थांबलं.

एक टण् म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर एकोणीस वर्षं एकाच बसवर राहिले की बोलायला एवढंच उरतं, आणि सहा वर्षांपूर्वी पक्षाघाताने पौलोसची वाचा नि उजवी बाजू नेली तेव्हा तेवढंच पुरलं. फरक इतकाच, की पूर्वी बेल अप्पुण्णी द्यायचा. आता पौलोस देत होता.

गालावर रक्ताचा बारीक थेंब आला होता. अप्पुण्णीने तो कापसाने टिपला आणि डबल बेलची वाट पाहत बसला. पौलोसने चमचा गादीवर ठेवून दिला.

"हात हलला रे," अप्पुण्णी म्हणाला.

अर्धी दाढी तशीच राहिली. पौलोसची बायको एल्सी चहा घेऊन आली तेव्हा भांडलेल्या नवरा-बायकोसारखे दोघं दोन दिशांना बघत होते.

हात वर्षभर हलत होता. डॉक्टरांनी त्या हलण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि रेझरला मनाई केली. अप्पुण्णीने त्यातलं पहिलं ऐकलं, दुसरं घेतलं, तिसऱ्याकडे कानाडोळा केला. मुंडक्कोटच्या पालियेटिव्ह केंद्राचा तो अठरा वर्षांपासूनचा स्वयंसेवक. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं, नखं कापायची, दाढी करायची, गावातल्या बातम्या द्यायच्या. बुधवार पौलोसचा. एल्सीने मध्ये एक पगारी माणूस ठेवून पाहिला होता. पौलोसने त्याला इतक्या वेळा सिंगल बेल दिली, की तिसऱ्या दिवशी तो साबणाचा फेस वाटीतच सोडून गेला.

म्हणजे बुधवारला माणूस हवा होता, आणि तो पौलोसला पटणारा हवा होता. अप्पुण्णी केंद्रावर गेला आणि सेक्रेटरी सुहरा टीचरसमोर हात टेबलावर ठेवून बसला. टेबलावरचा पेला वाजायला लागला. टीचरना आणखी काही सांगावं लागलं नाही.

छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या सुहरा टीचर नुकत्याच कोळिक्कोडला एका दिवसाच्या कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. समाजमाध्यमांवरून स्वयंसेवक कसे मिळवावेत, हा विषय. तिथे त्यांनी तीन गोष्टी वहीत उतरवून घेतल्या: चेहरा दाखवा, गोष्ट सांगा, प्रत्येक प्रतिक्रियेला तासाभरात उत्तर द्या. त्याआधी त्या दर महिन्याला 'स्वयंसेवक हवेत' असं फेसबुकवर टाकत, आणि त्याला अकरा अंगठे येत. त्यातले आठ शारजाहून. शारजाहून दर बुधवारी दाढी करायला येणं अवघड असतं.

टीचरनी अप्पुण्णीचा फोटो घेतला. खाली लिहिलं, 'अठरा वर्षं. एकही बुधवार चुकला नाही. आता त्यांची जागा कोण घेणार?' केंद्राच्या फोनमध्ये फोटोला एकच चौकट होती. काळी, कोपऱ्यात निलविळक्कू म्हणजे उभी समई, खाली दोन गुलाब. केंद्राचे पेशंट जात तेव्हा हीच चौकट लागे. टीचरना ते गुलाब सवयीने दिसेनासे झाले होते. रात्री आठला त्यांनी पोस्ट टाकली.

पहिली आदरांजली आठ वाजून दोन मिनिटांनी आली. मग रांगच लागली. टीचर नियमाप्रमाणे प्रत्येकाला उत्तर देत होत्या, 'ते हयात आहेत.' त्याखालीही लोक हात जोडत होते. बहुतेकांना ते वाक्य आध्यात्मिक वाटलं. दहाला टीचर झोपल्या. झोपेबद्दल कार्यशाळेत काही सांगितलं नव्हतं.

मुंडक्कोटात मेलेल्या माणसाला अश्रूंआधी ताडपत्री मिळते. सकाळी साडेसहाला अप्पुण्णी दात घासत अंगणात आला, तर गावातल्या लायब्ररीची पोरं प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवत होती आणि शिडीवर चढलेला एकजण निळी ताडपत्री नारळाला बांधत होता.

"एट्टा, अहो दादा, ती दोरी जरा ताणून धरा," तो वरून म्हणाला.

अप्पुण्णीने ब्रश तोंडात ठेवून दोरी धरली. गाठ बसली. मग शिडीवरच्याने खाली पाहिलं. शिडी धरायला कोणी नव्हतं हे वाईटच झालं, पण पडून फार लागलं नाही.

आठपर्यंत चाळीस माणसं जमली. आलेल्या प्रत्येकाला आनंद झाला, आणि आनंदाबरोबर थोडी फसवणूक झाल्यासारखंही वाटलं. अप्पुण्णीच्या बायकोने, नळिनीने, चुलीवर मोठं पातेलं चढवलं. "आलेत तर कोरा चहा तरी घेऊन जाऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही खरंच जाल तेव्हा एवढे येतील असं काही नाही."

टीचर रिक्षातून उतरल्या त्याच डोळे पुसत. पोस्ट आत्ताच्या आत्ता काढते, म्हणाल्या.

"दहापर्यंत राहू दे टीचर," अप्पुण्णी म्हणाला. "अजून एक बस यायची आहे."

कोणीतरी शोकसंदेशाची वही आणली होती. तिच्यात वारांचे रकाने पाडून घेऊन अप्पुण्णी फाटकात उभा राहिला. नाव आणि सेवेचा वार लिहिल्याशिवाय त्याने कोणाला बाहेर सोडलं नाही. विनातिकीट उतरू न देण्याची त्याची ख्याती तालुक्यात होतीच. रडायला आलेल्या माणसाला अशा वेळी नाही म्हणता येत नाही. सात नावं लागली.

शेवटच्या बसने पन्नाशीचा एक माणूस पुष्पचक्र घेऊन उतरला. सैदलवी. तीस वर्षं दम्मामला काढून परतलेला. त्याने अप्पुण्णीला पाहिलं, पुष्पचक्राला पाहिलं.

"शाळेत असताना रोज पळत यायचो," तो म्हणाला, "आणि रोज तुम्ही माझ्या तोंडावर डबल बेल द्यायचात. म्हटलं, आज तरी वेळेवर पोचू."

"मग तू शाळेत जायचास कसा?"

"पौलोसचेट्टन आरशात बघायचे. गाडी धरून ठेवायचे."

अप्पुण्णीने वही पुढे केली. बुधवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. बोट हलत होतं, पण सैदलवीला रकाना कळला.

बुधवारी वहीतल्या सातांपैकी तिघं उगवले. दोघांना टीचरनी दुसऱ्या घरी पाठवलं. अप्पुण्णीने सैदलवीला पौलोसच्या व्हरांड्यातच सगळं सांगितलं: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हनुवटीखाली जपून, आणि गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचं नाही. साबणाची वाटी त्याच्या हातात दिली. स्वतः आत गेला नाही.

आतून लगेच टण् आलं. एकच.

मग काहीच नाही. एल्सी दारात उभी राहून अप्पुण्णीकडे बघायला लागली. पगारी माणसाच्या वेळीही असंच झालं होतं.

मग सैदलवीचा आवाज आला. "चेट्टा, हा आरसा धरा. मी पळत येतोय."

बराच वेळ गेला. मग चमचा वाजला, टण् टण्.

अप्पुण्णीचा हात सवयीने वर गेला, बसमधली बेलची दोरी धरायला. तिथे एल्सीची कपडे वाळत घालायची दोरी होती. तो ती धरून उभा राहिला. वारा नव्हता, तरी दोरीवरचे पौलोसचे दोन टॉवेल हलत होते.