ओळीपुढचं नाव

प्रोग्राममधल्या यादीतल्या शेवटच्या ओळीनंतरचा तो स्वल्पविराम... पुढे काहीच नाही, तरी तो आहे. सहा आठवड्यांपूर्वी त्यानंच घातलेला – हा आणि असे हजारो. ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते स्वल्पविराम ओळीच्या सुरुवातीला द्यायचे. त्याच्या डोळ्यांत ते खुपायचं, म्हणून एका रिकाम्या दुपारी एकच आज्ञा देऊन त्यानं सगळे उचलले आणि ओळींच्या शेवटी नेऊन ठेवले. प्रोग्रामला काडीचा फरक पडला नाही. फक्त कुठल्या ओळीला शेवटचा हात कुणाचा, याची मशीन जी नोंद ठेवतं, तिच्यात मास्तरांच्या अकरा वर्षांच्या ओळींपुढे त्याचं नाव आलं.

तेव्हा हे ध्यानीमनीही नव्हतं... तेव्हा. पण आज सकाळी? तो आणि मास्तर, दोघांपैकी एकालाच नोकरीवर ठेवायचं होतं, आणि साहेबांनी ती नोंद उघडली.

"अरे, हे तर सगळं तुझंच की! मग मास्तर इतकी वर्षं करतात काय?"

आणि तो – मी – हसलो. ‘तसं नाही हो’ म्हणालो खरा, पण अशा सुरात की तो विनय वाटावा.

आता समोर मास्तर खोक्यात सामान भरताहेत. चष्म्याचं घर, पट्टी, मुलीचा फोटो. तिचं कॉलेजचं अजून एक वर्ष राहिलंय, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याला स्वतःची लाज वाटली.

"येतो रे," मास्तर जवळ येऊन म्हणाले. "ते स्वल्पविराम मागे नेलेस, बरं केलंस हं. माझं आपलं जुनं वळण."

"मास्तर, मी..."

"आता वर, खाली, कुठेही नवी ओळ जोडली तरी आधीच्या ओळीला हात लावावा लागत नाही. ज्याची त्याची राहते."

साहेबांचं दार उघडं होतं. दहा पावलं फार तर. स्वल्पविराम हलवण्याआधीची जुनी नोंद मागितली की दोन मिनिटांत खरं काय ते दिसेल... भीतीनं जीभ रेटली नाही, असं तो दिवसभर स्वतःला समजावत होता. भित्र्या माणसाला लोक माफ करतात. पण भीती नंतर आली. आधी, पडद्यावर वरपासून खालपर्यंत आपलंच नाव पाहून, छाती फुगली होती – क्षणभर मला खरंच वाटलं होतं की हे सगळं मीच लिहिलंय. आणि मास्तरांची पाठ दारातून बाहेर पडताना दिसतेय, तरी ते वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही.