डाव्या कुशीवर

थांबा पावणं, दार ढकलू नका. आत सिस्टर आईची जखम धूत्यात. हितं कट्ट्यावर टेका वाईच. गडहिंग्लजपास्नं एस्टीत उभ्यानं आलासा, पाय दुखत असतील. चा ठेवलाय. तवर एक गोष्ट सांगतो. ती ऐकल्याबिगर आत सोडणार न्हाई, माज्या बहिणीचं सासरं असला म्हणून काय झालं!

पडल्यापास्नं आई अंथरुणातच हाय, ते तुमास्नी ठावं हाय. उजव्या खुब्यावर आदी नुसतं लाल झालं. मग कातडं काळं पडलं, मग फुटलं. लिंबू मावंल एवढा खड्डा. डॉक्टर म्हटलं, हाडाला लागलं तर ॲडमिट करायचं, आन ह्या वयात परत घरी यायचं काय सांगता येत न्हाई. तवा शिवाजी पेठेतनं ह्या सिस्टरना, संयोगिताबाईंना आणलं. निम्मं आयुष्य म्हाताऱ्या माणसांच्या असल्याच जखमा भरण्यात गेलंय त्यांचं. आमच्या मंडळींनी, क्रांतीनं, जखमेत हळद भरलेली. आल्या आल्या सगळी धुऊन काढली आन म्हणाल्या,

"वहिनी, हळद भाजीला ठेवा."

मेलेलं कातडं कापलं, पट्टी भरली, मोबाईलवर फोटू काढला. हवेची गादी आणायला लावली. मग मला म्हणाल्या,

"दादा, निम्मं काम माजं. निम्मं तुमचं. ह्या कुशीवर आजींचा भार पडायचा न्हाई. डाव्या कुशीवर ठेवा, मधनं मधनं उताणं."

आमी ठेवायचो की! पाठीला उशी लावून डावीकडं वळवायचो आन कामाला लागायचो. सांजच्याला बघावं तर आई उजव्याच कुशीवर. दुसऱ्या दिवशी सिस्टर यायच्या तर पट्टी भिजलेली, जखमंची कड परत काळी.

"कोण वळवतंय त्यांना?"

"कोणबी न्हाई ओ."

"मग भूत वळवतंय व्हय?"

गादीतली हवा बघितली, साखर तपासली, क्रांतीवर चिडल्या, माज्यावर चिडल्या. क्रांती बी कमी न्हाई, तिनं सैपाकघरात भांडी आपटली. एकदा तर सिस्टरनी मोबाईल माज्या नाकाम्होरं धरला.

"हा गेल्या आठवड्यातला फोटू. हा आजचा. मी भरायची आन तुमी उकरायची. मला दुसरीबी म्हातारी माणसं हाईत, दादा. तिकडं निदान गुण तरी येतोय."

आईला विचारावं तर ती आपली आढ्याकडं बघतीया.

सिस्टर रोज सकाळच्या यायच्या. एक दिवस त्यांना उशीर झाला, जेवणं झाल्यावर आल्या. आईला डावीकडं वळवलं, पट्टी भरली, वरनं चिकटपट्टी लावणार, एवढ्यात भाईर ओसरीवर, सोप्यात कोण तरी खाकरलं. आईचा हात गेला खाटंच्या कडंला. दात आवळलं, अंग वडत वडत आली की उजव्या कुशीवर! वर डोईचा पदर सारखा केला. सिस्टरच्या हातात चिकटपट्टी तशीच.

खाकरलं ते गणपतराव आबा. आमचं थोरलं चुलतं, म्हंजे आईचं थोरलं दीर. शेजारच्या घरात एकटंच ऱ्हात्यात. जेवण झालं की येत्यात आन आईच्या दाराम्होरं सोप्यात खुर्ची टाकून दिवस मावळंपतोर बसत्यात. घरात बायका सावरून बसाव्यात म्हणून आदी खाकरायचं, ही जुनी सवय.

सिस्टर खाली वाकल्या.

"आजी, ह्यासाठी?"

"मग? थोरल्यास्नी पाठ दावू व्हय?"

सिस्टर कपाळाला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, खाट उलटी फिरवा, म्हंजे डाव्या कुशीवर तोंड दाराकडं येईल. तर क्रांती आडवी.

"डोकं उत्तरंला? जित्या माणसाचं? माज्या घरात न्हाई."

"मग आबास्नी सांगा, येऊ नका म्हणावं."

तवा आई बोलली. हळूच.

"ते बी यायचं थांबलं, तर माज्यापाशी दिवसभर बसतंय कोण?"

मी आपला उठलो, म्हशीला वैरण टाकून आलो. मघाशीच टाकलेली, तरी टाकली.

सिस्टर तडक सोप्यात गेल्या.

"आबा, तुमी हितं बसलासा की आजींची जखम वाढतीया."

"म्हंजे? मी काय चावतोय तिला?"

काठी आपटत गेलं निघून. दुसऱ्या दिवशी आलंच न्हाईत. मला वाटलं, सुटलो. कशाचं काय! आई सकाळधरनं उजव्याच कुशीवर, डोळं दाराकडं.

"आता कोण न्हाई तिथं, वळा की आजी!" सिस्टरचा आवाज चढला.

"येतील," आई म्हणाली.

आलं. तिसऱ्या दिवशी, सिस्टर हितंच हुत्या तवा. खाकरलं. सोप्यातली खुर्ची उचलली आन सरळ आत. आई लगीन होऊन आल्यापास्नं आबांनी त्या खोलीचा उंबरा वलांडला नव्हता, पावणं. मी उठून उभाच ऱ्हायलो. खाटंच्या पलीकडं, भिंत आन खाट ह्यांच्या मधी एवढीशी जागा. तिथं खुर्ची कोंबली आन आईकडं पाठ करून, तोंड गोठ्याकडच्या खिडकीकडं करून बसलं.

"पोरी, वळ म्हणावं तिला. मी म्हस बघतोय."

आई मान वळवून कितीतरी वेळ त्येंच्या पाठीकडं बघत ऱ्हायली. मग पदर डोईवर घेतला आन वळली. डावीकडं. आपली आपण.

जरा वेळानं म्हणाली, "वैरण खाल्ली का म्हशीनं?"

"खातीया."

सिस्टर हात धुवायला गेल्या त्या लवकर आल्याच न्हाईत.

आता खड्डा भरत आलाय. तळ लालभडक दिसतोय. लाल म्हंजे चांगलं, हे सिस्टरनी शिकिवलंय. पर भेटायला येणारी माणसं काय थांबत्यात? परवा एकजण दारातच खुर्ची टाकून दुपारभर बसलं, आन सिस्टरची बोलणी मी खाल्ली. तुमी तर व्याही. तुमास्नी पाठ दावायची म्हंजे आई मरंल, पर वळायची न्हाई.

हे बगा, दार उघडलं. आबा कवाचं जाऊन बसल्यात आत. तवा माजं एवढं ऐका. दारात राम राम करत थांबू नका. ही खुर्ची घ्या, खाटंच्या पायथ्याकडनं पलीकडं जावा, आबांच्या शेजारी बसा. आन तोंड तेवढं गोठ्याकडं करा.