उरलेली अर्धी पेटी

प्रयोगशाळेत तिनं पंप सुरू केला आणि पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेटीत खालच्या नळीतून रंगवलेल्या पाण्याची हिरवी धार घुसली. सरळ वर जाईल असं वाटेपर्यंत ती डावीकडे कलली, काचेला थडकली आणि फिरून उजवीकडे झुकली. पुन्हा डावीकडे. इतकी हट्टी धार तिनं पाहिली नव्हती, आणि तिला ती भलतीच आवडली होती.

“तुझी नळीच वाकडी आहे,” संगणकावरून मान न उचलता नवरा म्हणाला.

“वाकडी असती तर एकाच बाजूला गेली असती. ही दोन्हीकडे डुलतेय बघ!”

मोजणं तिचं, गणित त्याचं. त्याच्या संगणकावरच्या गणितातली धार मधोमध, शहाण्या मुलासारखी सरळ जायची. दोन्हींचा मेळ बसला नाही तर मोजणंच चुकलं असं समजून आज संध्याकाळी प्रयोग बंद करून पेटी उतरवायची, असं वरिष्ठांनी ठरवलं होतं. त्यालाही घाई होतीच. दूरच्या शहरातल्या नव्या नोकरीच्या फोनची तो वाट पाहत होता. ती सोबत येणारच, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पडद्यावरचा प्रत्येक भोवरा, अगदी बारकासुद्धा, डावीकडे जसा तसाच उजवीकडे.

“पाण्याला इतकी शिस्त कुठून आली रे? ही उजवी बाजू मांडलीस कधी?”

“मांडायची कशाला? पेटी दोन्हीकडे सारखीच. अर्धीच मांडली आणि तिचीच उलटी प्रत शेजारी लावली. वेळ वाचतो.”

बोलता बोलता त्याचा हात थांबला.

“म्हणजे मधली रेघ ओलांडायची तुझ्या धारेला मुभाच नाही!” ती म्हणाली.

“अगं, मी...” त्यानं कपाळावर हात मारला. “गाढव आहे मी!”

मग काय, दोघांनाही तहानभुकेचं भान राहिलं नाही. त्यानं भराभर पूर्ण पेटी मांडली, संध्याकाळच्या आत उरकावी म्हणून आकडेमोड मुद्दाम ढोबळ ठेवली. दुपार कलताना पडद्यावरची धार जराशी बिचकली, थरथरली आणि खुशाल डावीकडे कलली. मग उजवीकडे!

“डुलली!” तो लहान मुलासारखा ओरडला. तिनं आनंदानं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा नाकावरून घसरला. पेटी वाचली होती.

तेवढ्यात फोन वाजला. हसतच त्यानं तो उचलला.

“हो, हो, बोला ना. आम्ही दोघंही पुढच्या महिन्यात...”

तो थबकला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“मी उद्या कळवतो,” म्हणून त्यानं फोन ठेवला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

“तुला जायचंय का गं तिकडे? मी विचारलंच नाही.”

तिनं आधी जाऊन पंप बंद केला, म्हणजे तिचं उत्तर त्याला नीट ऐकू येईल.