मूठभर दाढी

सकाळी सात वाजल्यापासून माझी पोरगी रडत होती आणि दुपारचा एक वाजून गेला तरी तिच्या पोटात दुधाचा थेंब नव्हता. सात महिन्यांचं लेकरू, रडून रडून किती रडेल, असं मला आधी वाटलं होतं. पण लेकरं थकत नाहीत, आपण थकतो. नाकी नऊ येणं असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याच्या कडेवर नक्की पोर असणार.

तिची आई दवाखान्यात होती. पित्ताशयातले खडे काढायचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण ताप उतरेना म्हणून ठेवून घेतलं होतं. लेकराला वॉर्डात आणायचं नाही, अशी ताकीद होती. पुढे माझं दोन खुर्च्यांचं सलून, मागे आमची खोली, मध्ये पडदा. त्या पडद्याच्या अलीकडे-पलीकडे मी आणि पोर. पहिले दोन दिवस गुण्यागोविंदाने गेले. डब्याचं दूध कालवायचं, बाटली तोंडाला लावायची आणि गिऱ्हाइकाशी बोलतो तसं बोलत राहायचं: "या साहेब, बसा. काय करायचं? बारीक की मध्यम?" साहेब गटागटा प्यायचे आणि माझ्या छातीवर झोपायचे. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलो होतो की पोर सांभाळणं म्हणजे काही विशेष नाही, बायका उगाच बाऊ करतात. बोललेलं असं अंगाशी येतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाळण्यातून उचलली, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जो भोंगा सुरू झाला तो झालाच. बाटली जवळ नेली की मान फिरवायची, पाठीची कमान करायची. मी दुधाचा नवा डबा आणला. बाटलीचं रबर बदललं. दात येत असतील म्हणून हिरड्यांवर बोट फिरवलं, पोट दुखत असेल म्हणून कापड गरम करून शेकलं. खुळखुळा वाजवला, नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकवला, केस कापायचं मशीन हवेत फिरवलं. शेवटी मीच रडकुंडीला आलो.

अकराच्या सुमाराला मास्तर आले. तीन वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. दारातूनच मला म्हणाले, "मालक कुठं गेलेत?"

"मालकच समोर उभा आहे. चष्मा पुसा आधी."

त्यांनी खरंच चष्मा पुसला. "अरे, तू होय! दाढी कुठं गेली?"

"कचऱ्याच्या डब्यात," मी खेकसलो. पोर कानाशी टाहो फोडत असताना दाढीच्या गप्पा कोणाला सुचतात?

दाढी मी पहाटेच काढली होती. ऑपरेशनला आत नेताना बायको हसून म्हणाली होती, "मी येईपर्यंत ते जंगल साफ करून ठेवा. तुमची हनुवटी कशी होती तेच विसरलेय." हसत होती, पण माझा हात काही सोडत नव्हती. काल संध्याकाळी कळलं की ताप पुन्हा चढलाय. मग मला काही सुचेना. न्हाव्याच्या हाताला दुसरं येतं तरी काय? पहाटे आरशासमोर बसलो, आधी कात्री चालवली, मग फेस केला, एकदा सुलटा हात फिरवला, एकदा उलटा, वर तुरटी. चार वर्षांची दाढी दहा मिनिटांत गेली. ती गेली की बायको घरी येईल, असं काहीतरी खुळं डोक्यात होतं. आता मला तेही आठवत नव्हतं.

"पोरीला काय झालंय?" मास्तरांनी विचारलं.

"ते कळलं असतं तर तुमच्यावर ओरडलो असतो का?"

मास्तर आल्या पावली परत गेले. त्यांच्या मागोमाग शेजारच्या शिवणवाल्या काकू आल्या. त्यांनी चार पोरं वाढवलेली. त्यांनी उचलली तशी पोर जरा हळू रडायला लागली. दूध मात्र त्यांच्याही हातून घेतलं नाही. मला हायसं वाटलं म्हणून मी हात पुढे केले, तर तिने असा काही आकांत मांडला की काकूंनी तिला पुन्हा खांद्यावर टाकलं.

"अरे, तुझ्याकडेच आली की जास्त करते बघ," काकू सहज म्हणून गेल्या. मला ते फार लागलं. दोन दिवस हिच्यासाठी जिवाचं रान केलं आणि तिसऱ्या दिवशी मी नकोसा झालो.

एक वाजता तिला नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी कान पाहिले, पोट दाबलं, टाळूवरून बोट फिरवलं. "आजार काही दिसत नाही. लंगोट कधी ओला झाला होता?"

"पहाटे एकदा."

"मग पाजा, काहीही करून. चार वाजेपर्यंत वाट बघा. तोवर लंगोट कोरडाच राहिला तर इथे येऊ नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. सलाईन लावावी लागेल."

तिचा हात माझ्या अंगठ्याएवढा. त्यात सुई कुठे घालतात, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

घरी आलो. दोन वाजले, अडीच झाले. आता ती ओरडतही नव्हती, नुसती कण्हत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा भयंकर होतं. ओठ सुकले होते. डोळ्यांत पाणीही येत नव्हतं. मी तिला घेऊन खोलीत फेऱ्या मारत होतो आणि तोंडाने "गप, गप" एवढंच म्हणत होतो. आई तिकडे तापाने फणफणतेय, इकडे हिची ही गत. दोघींतली एक जरी गेली तर मी काय करणार, हा विचार पाठ सोडेना.

तेवढ्यात फोन वाजला. बायको. "ताप उतरलाय," ती म्हणाली. आवाज खोल गेलेला. मग मागचं कण्हणं तिला ऐकू गेलं असावं. "अहो, रडतेय का ती?"

"थोडीशी. झोप आलीय."

"मग दाढी धरू द्या ना तिला. मूठ आत गेली की लगेच झोपते, माहीत नाही का तुम्हाला?"

माझा हात आपोआप हनुवटीकडे गेला. गुळगुळीत. काचेसारखी गुळगुळीत.

"हो हो, देतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मास्तरांनी ओळखलं नाही, त्यांनी तसं तोंडावर सांगितलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दिवसाला दहा दाढ्या काढणारा माणूस मी, दाढी म्हणजे मला कचरा. तिच्यासाठी तो बाप होता. परवा आई दिसेनाशी झाली, आज बापही, आणि सकाळपासून एक परका माणूस तिला उचलून उचलून घेतोय. काय करेल बिचारी?

कळलं खरं, पण कापलेली दाढी चिकटवायची कशी? मी शेजारून काकूंना बोलावलं, दाढीचं सगळं सांगून पोर त्यांच्या हातात दिली, ब्रश घेतला आणि गालभर फेस फासला. पोरीने पाहिलं आणि होता नव्हता तो जीव एकवटून किंचाळली. मी फेस पुसला आणि कचऱ्याचा डबा ओढला. वर माझे काळे केस होते, खाली कालच्या गिऱ्हाइकांचे. मी हात घातला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" काकूंनी फटकन हातावर मारलं. "तोंड झाक! तोंड झाक तुझं!"

गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळायचं काळं कापड खुर्चीवर होतं. ते नाकापासून खाली बांधलं, पोर मांडीवर घेतली. ती माझ्या डोळ्यांकडे बघायला लागली. कण्हणं थांबलं, उचक्या राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी तिच्याशी नेहमीसारखा एक शब्द बोललेलो नाही.

"या साहेब," मी म्हणालो. "बसा. फार वेळ थांबायला लागलं का? काय करायचं? बारीक की मध्यम?"

तिने तोंड उघडलं. काकूंनी बाटली हळूच पुढे सरकवली. एक घोट, दुसरा. मी बोलत राहिलो. कल्ले किती ठेवू साहेब, मागून गोल करू का सरळ. बाटली अर्धी झाली तेव्हा तिचा हात वर आला, कापडाखाली शिरला आणि चाचपडू लागला. गाल, हनुवटी, पुन्हा गाल. काही सापडेना. तिने झटका दिला आणि कापड खाली आलं.

ती प्यायची थांबली. घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती.

"साहेब," मी पुटपुटलो, "नाराज होऊ नका. पुन्हा वाढेल ती. न्हाव्याचा शब्द आहे."

तिने बराच वेळ पाहिलं. मग तिची मूठ माझ्या खालच्या ओठावर आली आणि तिने तो गच्च धरला, नखांसकट. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती मात्र डोळे मिटून पुन्हा प्यायला लागली. बाटली रिकामी झाली. ती झोपली, मूठ सुटली नाही. थोड्या वेळाने माझी मांडी कोमट झाली आणि तो कोमटपणा पसरत गेला. चार वाजायला पाच मिनिटं होती. मी काकूंकडे पाहिलं आणि मला रडू आवरेना, पण आवाजही करता येईना.

फोन वाजला. काकूंनी झटकन उचलून माझ्या कानाशी धरला.

"झोपली का हो?" बायको विचारत होती. "दाढी धरलीय ना घट्ट?"

ओठ पोरीच्या मुठीत होता.

"हं," मी म्हणालो.