शाळेच्या सभेत कोरिन बोलली

आमच्या लहानपणी मिनेसोटात शाळा सुटली की आम्ही थेट गोठ्यात धारा काढायला जायचो. अभ्यास शाळेतच संपलेला असे. माझी नात मॅरेन मात्र जेवतानाही गृहपाठ करायची आणि ताटापुढेच पेंगायची. सातवीत तिची पुढच्या इयत्तेचं गणित शिकवणाऱ्या खास वर्गात निवड झाली होती; आता ती आठवीत होती. त्या वर्गावर तिचा फार जीव.

शेवटी माझी मुलगी कोरिन गावातल्या पालकांना घेऊन शाळामंडळाच्या जाहीर सभेत गेली. मीही गेले. गृहपाठ कमी करा, एवढंच मागणं होतं. सगळ्यांच्या वतीने कोरिन माइकपुढे उभी राहिली.

"पोरीला झोप मिळावी म्हणून निम्मा गृहपाठ मीच करते," ती म्हणाली. "घरोघरी हेच चाललंय. विचारा की कुणालाही."

"आणखी कोण करतं?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळे मांडीवरच्या टोप्या न्याहाळत बसले. शेजारची लॉर्ना नवऱ्याच्या कानात पुटपुटली, "हिला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?" आदल्याच दिवशी तिने मुलाच्या शाळेतल्या विज्ञान प्रकल्पासाठी कागदाच्या लगद्याचा ज्वालामुखी स्वतः रंगवला होता.

सभेतलं बोलणं नोंदलं जातं. आईच्याच कबुलीवरून मॅरेनचे गृहपाठाचे गुण रद्द झाले, आणि तिला त्या वर्गातून काढून साध्या वर्गात घातलं.

उन्हाळ्याआधी गृहपाठ निम्मा करायचा ठराव झाला. लॉर्ना केक घेऊन आली. "जिंकलीस गं बाई," म्हणाली.

मॅरेन रिकाम्या टेबलाशी बसली होती. कोरिनने विचारलं, "आज गणितात काय शिकवलं गं?"

"मागच्या वर्षीचंच," मॅरेन म्हणाली, आणि आईकडे न बघता उठून गेली.