ओढ्यापलीकडचं रान

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने २००६ साली आम्रपालीला रिसेप्शनसाठी मोठं चित्र करायला सांगितलं. ती येरवड्यात वाढलेली. कलाशाळा सोडून दहा वर्षं झाली होती, पण बारा फुटांचा कॅनव्हास पहिल्यांदाच वाट्याला येत होता. मॅनेजर एवढंच म्हणाले, की काहीतरी मॉडर्न हवं, बघणाऱ्याला फार विचार करावा लागू नये.

जागा बघायला ती चार दिवस तिथे जाऊन बसली. फरशी पुसणाऱ्या कौशल्यामावशी गावातल्याच. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की पार्किंग आहे तिथे त्यांचं चिंचेचं रान होतं आणि लिफ्टच्या जागी दिराची थोरली पट्टी. प्रत्येक तुकड्याला नाव होतं. आम्रपालीने कागद काढला. मावशी बोटाने बांध दाखवत गेल्या.

महिनाभरात चित्र तयार झालं. माणूस नाही, झाड नाही. नुसते माती-गवताच्या रंगांचे वेडेवाकडे तुकडे, आणि प्रत्येकात बारीक अक्षरात त्या रानाचं नाव.

वडील, सुखदेव, बघायला आले. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. सगळी नावं वाचून म्हणाले, "यात आपल्या लोकांचं काही दिसत नाही. त्या गावाला बौद्धवाडा नव्हता?"

हे आपल्याला सुचू नये, याची आम्रपालीला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिने मावशींना बौद्धवाड्याच्या रानाबद्दल विचारलं. त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा बादलीत बुडवलं.

"व्हतं की. ओढ्यापलीकडं. सगळ्यात आधी तेच गेलं. कुणी इचारलं न्हाय, मी बी बोलले न्हाय."

मग त्या स्वतःच तिला बौद्धवाड्यात द्वारकाबाईंकडे घेऊन गेल्या. द्वारकाबाई कंपनीच्याच कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. तीन वर्षं एकाच इमारतीत कामाला असून मावशींनी त्यांच्या घरचा चहा पहिल्यांदा घेतला.

"गावकीच्या कामापायी मिळालेलं रान, म्हणून गाव हाडवळा म्हणायचं," द्वारकाबाई म्हणाल्या. "आम्ही भीमपट्टी. तेच लिही."

तिने तेच लिहिलं.

चित्र लागलं आणि आठवड्यात मॅनेजरांचा फोन आला. काही जमिनींचे दावे अजून कोर्टात होते. पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं? नावं तेवढी पुसून द्यावीत.

"नावं पुसायची तर खाली कोपऱ्यात माझंही आहे," आम्रपाली म्हणाली. "ते आधी पुसा."

बरीच बोलाचाली झाली. शेवटी नावं राहिली, पण चित्र रिसेप्शनमधून उतरून कॅन्टीनच्या भिंतीवर गेलं. आम्रपालीला ते लागलं. पंधरा दिवस ती तिकडे फिरकली नाही.

गेली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. द्वारकाबाई चित्रासमोर उभ्या राहून कौशल्यामावशींशी वाद घालत होत्या. भीमपट्टी ओढ्याला संपत नव्हती, अलीकडे चिंचेच्या रानाला भिडत होती, असं त्यांचं म्हणणं. हातात ताटं घेतलेली चार-पाच पोरंपोरी ऐकत उभी होती.

मावशींनी त्या दोन तुकड्यांमधल्या बांधाकडे बोट केलं.

"चार हात व्हतं अलीकडं," त्या म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यानं बांध सरकवला व्हता."

आम्रपाली दुसऱ्या दिवशी रंग घेऊन आली, टेबलावर चढली, आणि दोघी सांगतील तसा तो बांध चिंचेच्या रानात मागे घेतला.