थोरल्याचे तीन ग्रॅम

पणजोबा तराजूवाले, आजोबा स्प्रिंगवाले आणि बाबा आकडेवाले. सगळा रस्ता या घराला असाच ओळखत आला होता. पणजोबांनी दांडीचे तराजू बांधले. मग तबकडीचे स्प्रिंगकाटे आले, ते आजोबांनी बापाच्या नाकावर टिच्चून शिकून घेतले. पुढे लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तेव्हा बाबांनी आजोबांना न विचारता सोल्डरिंगचे सामान घरात आणले आणि महिनाभर बोलणी खाल्ली. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या धंद्यावर पाणी सोडायचे आणि म्हातारपणी तिलाच मानाने सांभाळायचे, असा या घराचा शिरस्ता होता.

चौथ्या पिढीला मुलगी झाली. दवाखान्याच्या काट्याने तिचे वजन सांगितले, ते आजोबांना पटले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला दुपट्यासकट दुकानात आणून स्वतःच्या काट्यावर निजवले, दुपट्याचे वजन वजा केले, दवाखान्याचा काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवतो हे सिद्ध केले आणि हत्यारांची पिशवी घेऊन तो फुकट दुरुस्त करून आले. पोर हलकीच निघाली, म्हणून सोनाराच्या इवल्याशा वजनावरून तिचे नाव गुंज पडले. शाळेच्या दाखल्यावर दुसरे नाव होते; ते दाखल्यापुरतेच राहिले.

आता आजोबा नव्हते आणि गुंज एकोणीस वर्षांची होऊन यंत्रविद्येच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. त्या वर्षी कॉलेजने एक स्पर्धा ठेवली. विषय होता ‘वीस वर्षांनंतर’. विद्यार्थ्याने स्वतः बनवलेली एक वस्तू दाखवायची आणि येणाऱ्या काळाविषयी दहा मिनिटे बोलायचे. जो पहिला येईल त्याला मापनाच्या मोठ्या प्रयोगशाळेत सहा महिने काम शिकायला मिळणार होते, आणि जागा एकच होती. गुंजला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की तिने प्रयोगशाळेच्या इमारतीचे छायाचित्र वहीच्या आतल्या पानाला चिकटवून ठेवले होते आणि कोणी पाहिले की वही मिटत होती.

वर्गात तर भविष्याची जत्राच भरली होती. एकाने कपडे सुचवणारा आरसा बनवला होता. तो सगळ्यांना एकच निळा सदरा सुचवत असे. एकीच्या यंत्रात तुमचेच म्हातारपण तुमच्याशी बोलायचे आणि ‘व्यायाम कर’ याखेरीज काही सांगायचे नाही. गुंजने मात्र घराला शोभेल अशी वस्तू केली. तिने शिकणारा काटा बनवला. हवा तापली, आतली वजन पेलणारी पट्टी सैलावली, तबक झिजले, तरी हा काटा आपली चूक आपणच ओळखून सुधारी. ग्रॅमचा दहावा भागही त्यातून सुटत नसे.

“म्हणजे दुरुस्तीवाला नको,” बाबा म्हणाले.

“नकोच.”

“वा! बापाच्या पोटावर पाय द्यायला निघाली. आता खरी घरातली शोभतेस.” आणि त्यांनी तिला आपला सर्वांत चांगला पेचकस काढून दिला.

शिकणाऱ्या काट्याला शिकवायला गुरू लागतो. कोणते वजन खरे, हे त्याला एकदा तरी कोणी सांगावे लागते. तो गुरू कोण, हा प्रश्न या घरात कोणी विचारलाच नसता. दुकानाच्या मधल्या फळीवर, लोकरी कापडाच्या घडीवर, एक पितळी किलो बसलेला असे. त्याला सगळे थोरला म्हणत.

थोरला मुळात या घरचा नव्हता. जुनी मापे रद्द होऊन किलो आला, तेव्हा सगळ्या गावाची वजने एका दिवसात भंगार झाली. पणजोबा त्या वेळी समोरच्या दुकानात कारागीर होते. तिथल्या मालकांनी एकाच ओतकामातून दोन किलो घडवले. त्यातला एक त्यांनी पणजोबांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “जा, स्वतःचं दुकान मांड. पाय रोवलेस की हा परत दे. मात्र दिला तेवढाच दे.” पणजोबांनी पाय रोवले, पण आज देऊ, उद्या देऊ करत राहिले. आजोबांच्या वेळी एका गिऱ्हाइकावरून दोन दुकानांत बिनसले आणि मग परत नेऊन द्यायला पाऊल उचलेना. उसना आणलेला किलो तीन पिढ्या फळीवर बसून घरचा वडीलधारा झाला.

आजी या घरात सून म्हणून आली, तेव्हा सासऱ्यांनी तिला सांगितले होते, की ही दुसऱ्याची वस्तू आहे, एक दिवस परत जायची आहे. आजीने ते मनावर घेतले. आजी ज्या गोष्टी मनावर घेई, त्या पुढे घरातल्या प्रत्येकाला मनावर घ्याव्या लागत. दर शनिवारी, दुपारची भांडी झाली की, ती थोरल्याला खाली काढी, बारीक राख आणि लिंबाची फोड घेऊन घाशी, धुऊन, पुसून, त्यात आपला चेहरा दिसला की परत घडीवर ठेवी. “ज्या दिवशी परत जाईल त्या दिवशी कोणी नाव ठेवता कामा नये,” असे ती म्हणे. दोन आजारपणे सोडली तर बावन्न वर्षांत तिचा शनिवार चुकला नव्हता, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होते. मुलगा झाला त्या आठवड्यात तेवढा तिने तो रविवारी केला.

गुंजने सहा आठवडे आपल्या काट्याला थोरल्याकडून शिकवले. सकाळी, दुपारी, पंखा लावून, पंखा बंद करून, हजारो वेळा. एकदा सहज म्हणून तिने बाबांचा सरकारी शिक्क्याचा लोखंडी किलो काट्यावर ठेवला. आकडे उमटले एक हजार तीन.

“बाबा, तुमचा किलो तीन ग्रॅम जड आहे.”

“असेल. दोन हात रंग चढलाय त्याच्यावर. आपले गिऱ्हाइकांचे काटे पाच-पाच ग्रॅमने चालतात, तिथे कुठे कळायला?”

“लोखंड ते लोखंडच,” आजी आतून म्हणाली. “थोरल्याला विचारा.”

थोरला खरा आणि बाकी जग जड, यावर तिघांचे एकमत झाले आणि विषय मिटला.

पहिल्या फेरीला प्रयोगशाळेतून परीक्षक बाई आल्या. केस पांढरे, हातात सुती मोजे, जवळ मखमली खणाची एक लहान पेटी. त्यांनी पेटीतून चिमट्याने पोलादी किलो उचलला आणि गुंजच्या काट्यावर अलगद ठेवला. एक हजार तीन.

गुंजच्या अंगातल्या तीन पिढ्या एकदम बोलल्या. “बाई, तुमचं वजन तपासून घ्या. तीन ग्रॅम जड आहे.”

मागून कोणीतरी फिस्कन हसले. परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी किलो पुन्हा खणात ठेवला, मोजे काढले आणि म्हणाल्या, “तपासते. तूही तपास. आपल्या दोघींपैकी एक जण चुकतंय. शुक्रवारी शेवटची फेरी आहे, तेव्हा सांग कोण ते.”

घरी येईपर्यंत गुंजचा ताठा उतरला होता. पोलाद आणि लोखंड, एकमेकांना कधी न भेटलेले दोन साक्षीदार, तीनच ग्रॅम सांगत होते. ती थोरल्यासमोर उभी राहिली. त्याच्या चकाकीत तिला आपलाच उतरलेला चेहरा दिसला.

“याचा जोडीदार समोर असेल ना?” तिने विचारले.

बाबांनी आजीकडे पाहिले. आजीने पदर सावरला. “त्या दुकानाची पायरी मी पस्तीस वर्षांत चढले नाही,” ती म्हणाली. आणि पायात चपला सरकवत पुढे म्हणाली, “चल. थोरल्याला मी घेते. तू पाडशील.”

समोरच्या दुकानात आता त्या मालकांचे चिरंजीव बसत. ऐंशीच्या घरातले, रस्ता त्यांना अण्णा म्हणे. आजीला दारात पाहून ते उठून उभे राहिले.

“वहिनी! आज सूर्य कुठे उगवला?”

“उगवतो तिथेच. जोड काढा, अण्णा. पोरीला तपासायचंय.”

अण्णांनी खालच्या खणातून एक काळपट गाठोडे काढले. आतला किलो तपकिरी पडला होता, डागाळला होता. साठ वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. आजीने नाक मुरडले. “अगंबाई, काय ही दशा! आमच्याकडे पाठवायचा होतात.”

दोघे भाऊ दांडीच्या तराजूत समोरासमोर बसले. काळपट किलो सावकाश खाली गेला. चकचकीत थोरला वर उचलला गेला आणि तिथेच राहिला. अण्णांनी चिमट्याने थोरल्याच्या बाजूला एक ग्रॅम टाकला, मग आणखी एक, मग तिसरा. काटा मध्यावर उभा राहिला.

त्यांनी थोरल्याला उचलून उजेडात धरले. काळ्या किलोच्या माथ्यावर त्यांच्या वडिलांचा शिक्का खोल उमटलेला होता. थोरल्याचा माथा आरशासारखा गुळगुळीत होता.

गुंजच्या डोळ्यांपुढून बावन्न वर्षांचे शनिवार सरकले. आजीलाही ते दिसले असावेत, कारण तिने आपली बोटे पदरात घेतली.

“वहिनी,” अण्णा हळूच म्हणाले, “लोक उसनं घेऊन विसरतात. तुम्ही तर दर शनिवारी आठवणीने थोडं थोडं वाढवत होतात की!”

गुंजला वाटले, आता वीज पडणार. आजीने मान ताठ केली. “काम नीट करायची सवय आहे आम्हाला,” ती म्हणाली. “तरी बरं, मध्ये दोनदा आजारी पडले.” आणि मग ती अशी हसली, की अण्णांना खुर्चीचा हात धरावा लागला.

रस्ता ओलांडताना मात्र ती गुंजला म्हणाली, “कर्ज आमचं आहे. ते तसंच परत द्यायचं नाही. दिला तेवढाच, असं ठरलं होतं.”

रात्री जेवताना बाबांनी सरळ हिशेब सांगितला. काट्याला खरा किलो दाखवला, की दोन मिनिटांत तो सुधारेल आणि शुक्रवारी कोणाला काही कळणार नाही. ते खरे होते. गुंजने वही उघडली. भाषणाचे पहिले वाक्य तिने महिन्यापूर्वीच झोकात लिहून ठेवले होते : ‘वीस वर्षांनंतर कोणालाही काही तपासावे लागणार नाही.’ ते तिने दोनदा वाचले. तिच्या काट्याने एकही चूक केली नव्हती. जे शिकवले ते तो इमानाने शिकला होता, आणि इमानानेच सगळ्या जगाला जड ठरवत होता. उद्या असे काटे घरोघर गेले असते, तर तीन ग्रॅम घरोघर गेले असते. कुठून आले, हे शोधायला मग कोणाच्या फळीकडे जायचे? तिने ते वाक्य खोडले आणि काट्याला हात लावला नाही.

शुक्रवारी परीक्षक बाईंनी पोलादी किलो ठेवला. एक हजार तीन.

“चुकलं कोण?” त्यांनी विचारले.

“आम्ही,” गुंज म्हणाली. आणि तिने थोरल्याची सगळी गोष्ट सांगितली. शनिवार, राख, लिंबू, काही न लपवता. “माझा काटा पुढच्या वीस वर्षांत माझ्यापेक्षा हुशार होईल,” ती शेवटी म्हणाली. “त्याची मला भीती नाही, उलट आनंदच आहे. पण त्याला पहिला किलो कोणी दिला आणि तो किलो कोण घासतं, हे माहीत असणारं माणूस लागेल. ते काम मला शिकायचंय. आणि परवा तुमच्या वजनाला नावं ठेवली, ती परत घेते.”

“ठेवलीस ते बरं केलंस,” बाई म्हणाल्या. “मी खरंच तपासलं. आमच्याकडेही सवय लागते, आपलंच खरं असं मानायची.” मग त्यांनी विचारले, “आजी शनिवारी आता काय करतात?”

“सगळ्यांना कामाला लावतात.”

वर्ग हसला आणि या वेळी बाईही हसल्या. निळा सदरा सुचवणाऱ्या आरशाला दुसरा क्रमांक मिळाला. ती एक जागा गुंजची झाली.

प्रयोगशाळेत ती सहा महिने शिकली. मोज्यांशिवाय वजनाला हात लावू नये, हे पहिल्या दिवशी कळले आणि तिने ते फोनवर आजीला सांगितले. आजी म्हणाली, “ऐकलं. आता आम्हाला वजनांनीही सोवळं शिकवावं!” पण त्या आठवड्यापासून फळीवर थोरल्याशेजारी सुती मोज्यांचा एक जोड घडी करून ठेवलेला असे.

शेवटच्या आठवड्यात गुंजने थोरल्याला प्रयोगशाळेत मागवून घेतले. पितळी वजनाच्या बुडाला एक लहान भोक असते आणि ते शिशाच्या बुचाने बंद केलेले असते. वजन कमी-जास्त करायची तीच जागा. तिने ते बूच काढले, आत कणाकणाने शिसे भरले, तोलले, पुन्हा भरले, आणि परीक्षक बाईंच्या देखत नवे बूच ठोकून बसवले.

पुढच्या रविवारी चौथ्या पिढीने रस्ता ओलांडला. पुढे मोजे घातलेली आजी, हातात थोरला. मागे गुंज आणि बाबा. अण्णांनी दांडीचा तराजू पुसून ठेवला होता. आजीने स्वतः थोरल्याला तबकात बसवले. समोर काळपट भाऊ बसला. दांडी थोडी हलली, डावीकडे, उजवीकडे, आणि काटा मध्यावर येऊन स्थिर झाला. अण्णा वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी खणातले जुने कापड काढले, दोन्ही किलो शेजारी शेजारी त्यात बांधले आणि गाठ मारली.

“दिला तेवढाच,” ते म्हणाले. “पोहोचला.”